मेंढ्या घाट का उतरतात?

दिवाळी सरली की माण-फलटणच्या माळावरचे धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासोबत फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, हलतात. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यातच कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं. घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाआधी परत वर यायचं. ‘आता तरी एका जागी बसा’ असं शिकलेली माणसं त्यांना सांगतात, तेव्हा मला वाईट वाटतं. मेंढीचं पोट आणि खूर समजून घेतले, तर हा सल्ला कुणी देणार नाही.

माळावरचं गवत कोवळं असतं तेव्हा त्यात भरपूर प्रथिनं असतात. बी धरून ते वाळलं की नुसती काडी उरते. मेंढी काडी पचवते ती पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर, आणि त्यांना नायट्रोजन लागतो. चाऱ्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की हे जीव उपाशी पडतात. मग पोट भरलेलं दिसतं, पण मेंढी खंगत जाते. त्याच दिवसांत कोकणात भातकापणी झालेली असते. जमिनीत ओल असते, बांधावर हिरवा पाला मिळतो.

मग तिथंच का राहू नये? माणदेशात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोकणात अडीच-तीन हजार. सततच्या चिखलात दोन खुरांमधली कातडी मऊ पडते, जिवाणू शिरतात, खूर सडतो. डबक्यातल्या गोगलगायींमुळे यकृतात चपटे कृमी होतात. दख्खनी मेंढी कोरड्या हवेची, तिला हे झेपत नाही.

शिवाय वाड्याला शेतकऱ्यांचं बोलावणं असतं. रात्री खाचरात जाळीची वाघर लावून मेंढ्या बसवतात. सकाळी जमीन लेंड्यांनी काळी झालेली असते, पण खरं धन दिसत नाही. खाल्लेल्या नायट्रोजनचा बराचसा भाग मुतातून बाहेर पडतो. लेंड्या गोळा करून आणल्या तर तो हाती लागत नाही, मेंढ्या बसवल्या की थेट मातीत मुरतो. म्हणून शेतकरी धान्य देतो, रोख देतो.

पूर्वी लोकरीला मोल होतं, घोंगड्या खपत. आज जाड लोकरीला विचारणारं फारसं कुणी नाही, पैसा मिळतो तो मटणासाठी विकलेल्या कोकरांचा. आईला हिरवा चारा मिळाला तरच कोकरू अंग धरतं, त्यामुळे चालणं सुटत नाही. अवघड झाली आहे ती वाट: कालव्याखालच्या रानात ऊस उभा, वनखात्याच्या जागेत चराईला मनाई, आणि रुंद झालेल्या रस्त्यावर भरधाव गाड्यांच्या कडेनं कोकरं सांभाळत चालणाऱ्या बाया.