गुटमान यांनी खेळांनी रुग्ण वाचवले?

तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरातून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू मेंदूशल्यविशारद लुडविग गुटमान यांनी मणक्याच्या जखमींना खेळ शिकवून जगवले, असे नेहमी सांगितले जाते. क्रम उलटा आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातला त्यांचा मणक्याच्या जखमींचा विभाग सुरू झाला १९४४ मध्ये; तिथली १६ जखमींची तिरंदाजी स्पर्धा १९४८ ची. तोवर खरी लढाई बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि मूत्रसंसर्गाशी होती, कारण बहुतेक रुग्ण त्यानेच दगावत. संवेदना नसल्याने दाब कळत नाही, रक्तपुरवठा थांबून कातडी कुजते. त्यावर मणका हलू नये म्हणून घातलेला प्लास्टरचा साचा, म्हणजे आगीत तेलच! गुटमान यांनी ते साचे काढायला लावले आणि दर दोन तासांनी, रात्रीही, कूस बदलण्याचा दंडक घातला. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालतानाही निर्जंतुकतेत तडजोड नव्हती. खेळ आले ते त्यानंतर, बळ परतवायला.