बीएड कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी आयसीटी ट्रेनिंग: पुण्यातून अर्ज कसा करायचा

एनसीटीईच्या (शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या रेग्युलेशननंतर बीएड दोन वर्षांचं झालं आणि आयसीटी, म्हणजे माहिती-संपर्क तंत्रज्ञान, त्यात पक्कं बसलं, पण ते शिकवणारे आपल्यातले बरेच जण स्वतः खडू-फळा नि ओएचपीवर (ओव्हरहेड प्रोजेक्टर) शिकलेले, त्यामुळे ट्रेनिंग कुठे मिळतं हा विषय स्टाफरूममध्ये सारखा निघतो.

सरळ मार्ग म्हणजे यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोग) मालवीय मिशन, म्हणजे प्राध्यापकांच्या ट्रेनिंगचा कार्यक्रम, २०२३ पासून सुरू आहे. आधीचं एचआरडीसी (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर), त्याच्या आधीचं अकॅडमिक स्टाफ कॉलेज, तेच हे. सेंटर पुणे विद्यापीठात आहे, पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेतही आहे. मिशनच्या आठ विषयांत आयसीटी आहे.

कोण चालतं? विद्यापीठाच्या विभागातले किंवा संलग्न कॉलेजातले शिक्षक. कॉलेज यूजीसीच्या टू-एफ यादीत (कलम २(एफ) खाली मान्य कॉलेजांची यादी) असेल तर प्रश्नच नाही. यादीत नसेल किंवा तुम्ही सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असाल तर फॉर्म भरायच्या आधी सेंटरला फोन करा, उगाच नंतर धावपळ नको.

आता कोर्स निवडताना नीट बघा. आठवड्याचा शॉर्ट टर्म, दोन आठवड्यांचा रिफ्रेशर आणि नवीन लोकांसाठी महिनाभराचा इंडक्शन असे प्रकार असतात, आणि कॅससाठी (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे बढतीसाठी) हवा असेल तर नुसतं नाव बघून फॉर्म भरू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पगाराच्या लेव्हल १० मधून ११ मध्ये जायला २१ दिवसांचं ओरिएंटेशन लागतं, त्याशिवाय रिफ्रेशर किंवा त्याऐवजी सर्टिफिकेटवाला मूक (MOOC, म्हणजे सगळ्यांसाठी खुला ऑनलाइन) कोर्स चालतो, म्हणजे रजा मिळत नसेल तर स्वयम हे सरकारी ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहेच. तिथे शिकणं फुकट, परीक्षेची फी वेगळी.

मालवीय मिशनच्या पोर्टलवर नोंदणी करायची, सेंटर नि तारीख निवडायची, कागद जोडायचे. नियुक्तीपत्र, विद्यापीठाचं मान्यतापत्र, ओळखपत्र, फोटो हे सगळं घरात असतंच, खरा अडथळा प्राचार्यांच्या एनओसीचा (ना-हरकत पत्राचा). सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर कुणी सोडत नाही, म्हणून कोर्सची नोटीस आली की त्याच दिवशी अर्ज टेबलावर ठेवा आणि तुमचे तास कोण घेणार तेही त्यातच लिहा, सही लवकर होते. फी सेंटरप्रमाणे बदलते, नोटिशीत बघा.

ऑनलाइन असलं तरी हजेरी कडक असते, कॅमेरा बंद ठेवून स्वयंपाक चालत नाही 😄 शेवटी जी असाइनमेंट देतात ती विद्यार्थ्यांच्या पाठ नियोजनावरच करा, वर्गात लगेच वापरता येते. आणि सर्टिफिकेटवरचं नाव सर्व्हिस बुकातल्या नावाशी जुळतंय ना ते नोंदणी करतानाच तपासा.