टोचलं किती, शोषलं किती

ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य कर्करोगाच्या पेशींना चिकटणाऱ्या रेणूला जोडून शिरेतून देतात. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं स्रवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या) गाठींसाठी या उपचाराला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी २०२२ साली. ठरलेली मात्रा दर वेळी ७.४ गिगाबेकेरेल, रुग्ण ५० किलोचा असो की ९० किलोचा, गाठी चार असोत की चाळीस.

पण गिगाबेकेरेलवरून कळतं ते एवढंच, की दर सेकंदाला किती अणूंचं विघटन होतंय. गाठीत किंवा मूत्रपिंडात दर किलोमागे किती ऊर्जा शोषली गेली, ते ‘ग्रे’मध्ये मोजतात. मात्रा सारखीच असूनही दोन रुग्णांच्या मूत्रपिंडांतले ग्रे बरेच वेगळे निघू शकतात.

हे मोजता येतं. ल्युटेशियमचे बीटा कण पेशी मारतात, पण ऊतीत जेमतेम दोन मिलिमीटर जातात. ते बाहेरून दिसणं शक्य नाही. सोबत थोडे गॅमा किरणही निघतात आणि ते शरीराबाहेर येतात. स्पेक्ट-सीटी, म्हणजे गॅमा कॅमेरा आणि सीटी स्कॅन एकत्र असलेलं यंत्र; त्यातला कॅमेरा ते टिपतो. वाटेत शरीरानेच किती किरण अडवले, याचा हिशेब सीटीवरून लागतो.

एका चित्रावर मात्र भागत नाही. ल्युटेशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या अणूंचं विघटन व्हायला लागणारा काळ, सुमारे ६.६ दिवसांचं असलं, तरी मूत्रपिंडातून औषध त्याआधीच ओसरतं आणि गाठीत जास्त काळ टिकतं. म्हणून पहिल्या काही तासांत, दुसऱ्या दिवशी, चौथ्या आणि सातव्या दिवशी अशी चित्रं घेतात. अवयवात त्या वेळी किती किरणोत्सार आहे, याचा एकेक बिंदू प्रत्येक चित्रातून मिळतो. त्या बिंदूंतून आलेख काढला की त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्या अवयवात झालेली एकूण विघटनं. त्यांना दर विघटनामागे शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेने गुणायचं, वस्तुमानाने भागायचं, की ग्रे हाती येतात.

अडचणी आहेतच. लहान गाठीचं बिंब पसरट उमटतं आणि तिच्यातले ग्रे खरे असतात त्याहून कमी भासतात. मूत्रपिंडांसाठी वापरली जाणारी २३ ग्रेची मर्यादाही बाहेरून किरण देण्याच्या अनुभवातून घेतलेली. इथे तीच ऊर्जा कित्येक दिवसांत हळूहळू मिळते.

तरीही मोजमाप टाळू नये, असं मला ठामपणे वाटतं. वेदना सोसणाऱ्या माणसाला चार वेळा यंत्राखाली झोपवणं जड जातं, हे खरं. पण साधारण चौथ्या दिवशीच्या एका चित्रावरूनही बऱ्याच रुग्णांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो, आणि पुढची मात्रा वाढवायची, घटवायची की थांबवायची, हे ठरवताना डॉक्टरांच्या हाती त्या रुग्णाचा स्वतःचा आकडा असतो.