शेतातले गोटे भिंतीत गेले तेव्हा

गोल गोट्यांची भिंत घालायला सांगा, कुठलाही गवंडी नाक मुरडेल. गोट्याला सपाट बूड नाही, कोपरा नाही, एकावर एक ठेवले की घरंगळतात. तरीही अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ओंटारिओ सरोवराच्या दक्षिणेला, अशा गोट्यांची शेकडो घरं पावणेदोनशे वर्षं ऊन-बर्फ खात उभी आहेत. साधारण १८२५ ते १८६० या काळातली ही बांधणी. उत्तर अमेरिकेत या पद्धतीच्या जेवढ्या इमारती आहेत त्यातल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास इमारती रॉचेस्टर शहराभोवतीच्या सुमारे १२० किलोमीटरच्या टापूत सापडतात. थोडी चर्च, थोड्या शाळा, बाकी बहुतेक शेतकऱ्यांची राहती घरं.

इथेच का, याचं उत्तर जमिनीखाली आहे. शेवटच्या हिमयुगात कॅनडाकडून सरकत आलेल्या, किलोमीटरभराहून जाड बर्फाच्या थराने हा सगळा प्रदेश झाकला होता. येताना त्याने वाटेतले खडक खरवडले, फोडले, एकमेकांवर घासून गोल केले आणि वितळताना जागच्या जागी टाकून दिले. म्हणून इथल्या एकाच शेतात तांबूस मेडिना वालुकाश्म, करडा चुनखडक आणि कॅनडाच्या ढालप्रदेशातला (तिथल्या अतिप्राचीन खडकांच्या पट्ट्यातला) शंभर कोटी वर्षांहून जुना पट्टेदार नाइस खडक असे तिन्ही शेजारी पडलेले दिसतात. पुढे बर्फाचं पाणी साचून आजच्या ओंटारिओहून मोठं सरोवर तयार झालं. भूवैज्ञानिक त्याला इरोक्वॉय सरोवर म्हणतात. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचा त्याचा काठ अजून उंचवट्याच्या रूपात शिल्लक आहे आणि त्या उंचवट्यावरून ‘रिज रोड’ नावाचा रस्ता जातो. गोट्यांची कितीतरी घरं याच रस्त्याच्या कडेला आहेत.

युरोपीय वंशाच्या शेतकऱ्यांनी इथलं जंगल तोडून नांगर धरला तेव्हा हे गोटे त्यांच्या मुळावर आले. एकदा वेचून टाकले की संपले, असंही नव्हतं. पुढच्या वसंतात शेतात पुन्हा नवे हजर! हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते. दगड मातीपेक्षा उष्णता लवकर वाहून नेतो, त्यामुळे दगडाच्या बुडाशी असलेला ओलावा आजूबाजूच्या मातीआधी गोठतो. तिथे बर्फाची चकती धरते, खालचं पाणी शोषून जाड होते आणि दगडाला वर ढकलते. बर्फ वितळला की त्या पोकळीत बारीक माती घरंगळते आणि दगडाला परत खाली बसायला जागा राहत नाही. दर हिवाळ्यात थोडं थोडं करत दगड पृष्ठभागावर येतो. डोक्यावर झाडी होती तोवर पालापाचोळ्याच्या पांघरुणाखाली जमीन फार खोल गोठत नव्हती. ते पांघरूण शेतकऱ्यानेच काढलं.

आता घरांकडे. या घरांबद्दल तिकडे एक लाडकी गोष्ट सांगतात: १८२५ साली ईरी सरोवराला हडसन नदीशी जोडणारा ईरी कालवा पुरा झाला, त्यावरचे गवंडी बेकार झाले आणि पोटासाठी गोट्यांची घरं बांधू लागले. ऐकायला झकास, पण मला ती अर्धीच पटते. कालव्याचं काम मोठमोठ्या घडीव चिऱ्यांचं, या घरांचं मुठीत मावणाऱ्या गोट्यांचं. शिवाय घरांचा खरा बहर आला तो १८३५ नंतर, आणि तेव्हा तर कालव्याच्या रुंदीकरणाचं नवं काम निघालं होतं. काही गवंडी तिकडून आलेही असतील, पण कालव्याने आणला तो मुख्यतः पैसा. ५८४ किलोमीटरच्या या जलमार्गाने बफेलो ते न्यूयॉर्क मालवाहतुकीचा खर्च टनाला सुमारे शंभर डॉलरवरून दहाच्या आत आला. इथला गहू समुद्रापर्यंत पोचू लागला, रॉचेस्टर पिठाच्या गिरण्यांचं शहर झालं आणि ओंडक्यांच्या खोपटात राहणारा शेतकरी पक्क्या घराचं बघू लागला. दगड बांधावर फुकट पडलेलाच होता.

सुरुवातीच्या, म्हणजे १८३५ पर्यंतच्या घरांपैकी एखाद्याची भिंत जवळून पाहिली तर हाताशी आहे तोच दगड वापरायची गरज स्पष्ट दिसते. गोटे शेतातलेच, आकार-रंग कसाही, एक लांबट तर शेजारचा चपटा. थर आडवे राखायचा प्रयत्न असतो, पण मध्येच एखादा धोंडा ओळ वाकवतो. कोपऱ्यांवर मात्र घडीव दगड, कारण गोल गोट्याने कोपरा धरता येत नाही. भिंतीची जाडी ४५ ते ५० सेंटिमीटर. आत ओबडधोबड दगड नि चुना, दर्शनी बाजूला गोट्यांचे थर. गोट्याचं आपल्याला दिसतं ते फक्त टोक, लांब अंग आत भिंतीत रुतलेलं असतं. दोन थरांमधल्या मालाला, म्हणजे चुना-रेतीच्या लगद्याला, थापीने कोर काढून सरळ आडवी रेघ उठवलेली असते. वेड्यावाकड्या दगडांवर ती रेघच शिस्त आणते.

नंतरच्या घरांत चित्र पालटतं. शेतातला गोटा मागे पडतो आणि ओंटारिओच्या किनाऱ्यावरून, लाटांनी घासून गुळगुळीत केलेला गोटा गाड्या भरभरून आणला जातो. फळीला भोक पाडून त्यातून गोटे पार करून एका मापाचे निवडले जातात. लाल एका बाजूला, पांढरे एका बाजूला. कुठे तिरप्या ठेवणीची वेलबुट्टी. हा सगळा थाट रस्त्याकडच्या भिंतीला, मागच्या भिंतीला राहिलेले शेतातले गोटे! ही घरं देखणी आहेत यात वाद नाही, पण शेताची हकिगत वाचायची तर मला आधीचीच बरी वाटतात.

मात्र आधीचं घर असो की नंतरचं, भिंत धरून ठेवतो तो चुना. चुनखडक सुमारे ९०० अंशांना भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. जंगलतोडीमुळे जळणाला लाकूड मुबलक होतं. चुनकळी पाण्यात विझवायची, मुरू द्यायची, रेतीत कालवून माल करायचा. हा माल हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. आपल्या गडांवर चुन्याचे घाणे दिसतात, त्यातल्या चुन्याचं रसायनही हेच. अडचण एवढीच की हे घट्ट होणं बाहेरून आत आणि फार सावकाश चालतं. एका दिवसात जास्त थर चढवले तर वजनाने ओला माल बाहेर येणार आणि भिंतीला पोट सुटणार. म्हणून दिवसाला मोजकेच थर. कॅनव्हस व्हाइट या इंजिनिअरने १८१८ मध्ये, कालव्याचं काम चालू असताना, पाण्यातही घट्ट होणारं सिमेंट देणारा मातीमिश्रित चुनखडक याच राज्यात शोधला होता, पण सुरुवातीच्या शेतघरांत साधा चुनाच दिसतो.

कसब माणसांबरोबर पश्चिमेलाही गेलं. मिशिगन राज्यात ॲन आर्बर इथे नौदलाचे शल्यचिकित्सक बेनाजा टिकनर यांचं १८४४ सालचं गोट्यांचं शेतघर आहे. ते बांधणारा गवंडी स्टीफन मिल्स न्यूयॉर्ककडूनच आलेला. आज तिथे संग्रहालय आहे. रिज रोडवरच्या चाइल्ड्स गावातही १८३४ चं गोट्यांचं चर्च संग्रहालय म्हणून जपलं आहे. १८६० नंतर मात्र ही कला आटली. स्वस्त वीट आली, करवती लाकूड आलं, यादवी युद्धाने माणसं नेली, आणि एकेक गोटा हाताने लावण्याची मजुरी कुणाला परवडेना.

या घरांचं आजचं दुखणं पुष्कळदा डागडुजीतून येतं. दरजा, म्हणजे दगडांमधले माल भरलेले सांधे, उकलल्या की घरमालक हाताशी असलेलं पोर्टलँड सिमेंट (आजचं नेहमीचं सिमेंट) भरतात. चुन्याची दरज मऊ नि सच्छिद्र, भिंतीतला ओलावा तिच्यातून बाहेर पडतो. कडक सिमेंट ती वाट बुजवतं. पाणी आत अडकतं, थंडीत गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भोवतालचा जुना चुना भुसभुशीत करून टाकतं. वरून दरज ठणठणीत दिसते, पण गोट्यांचा दर्शनी थर मागच्या भिंतीपासून सुटू लागलेला असतो. म्हणून जाणकार आधी जुन्या मालाचा तुकडा आम्लात विरघळवून चुना किती, रेती किती आणि कुठल्या दाण्याची ते तपासतात, तसाच माल करतात आणि दरजा भरायचं काम थंडी सुरू व्हायच्या बऱ्याच आधी आटोपतात.