जज चुकला आणि जजने हद्द ओलांडली, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत

अमेरिकेत कुठल्यातरी फेडरल (केंद्रीय) जजने सरकारचा आदेश थांबवला की अर्ध्या तासात कमेंटी सुरू. एका बाजूने "हा कोण लागून गेला, याला कुणी निवडून दिलंय?" आणि दुसऱ्या बाजूने "वाचली बाबा लोकशाही." चार वर्षांनी सरकार बदलतं आणि तीच माणसं एकमेकांची वाक्यं उचलून बोलायला लागतात. त्या पलटीचं मला काही वाटत नाही, राजकारण आहे, चालायचंच. डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. "निकाल चुकीचा आहे" आणि "असा निकाल द्यायचा जजला अधिकारच नव्हता", या दोन तक्रारींची लोक बिनधास्त खिचडी करतात, आणि मग कोर्टाने नक्की काय ठरवलं तेच कुणाला कळत नाही.

पहिली तक्रार आपल्याला पाठ आहे. जजने कायदा चुकीचा वाचला, पुरावा नीट पाहिला नाही, मग वर अपील करा. तिकडे खाली ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, मध्ये १३ अपील कोर्टं, वर नऊ जणांचं सुप्रीम कोर्ट. घटनेविरुद्ध असलेला कायदा कोर्ट रद्द करू शकतं हेही १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यापासून ठरलेलं आहे, त्यामुळे "संसदेने केलेला कायदा कोर्टाने पाडलाच कसा" एवढीच तक्रार असेल तर ती सव्वादोनशे वर्षं उशिरा आली आहे. निवडून न येण्याचंही तसंच. फेडरल जज निवडून येऊ नयेत, तहहयात राहावेत आणि त्यांचा पगार कमी करता येऊ नये, हे घटना लिहिणाऱ्यांनी मुद्दाम केलंय. तो दोष वाटत असेल तर घटनादुरुस्ती मागा, जजच्या नावाने कशाला बोटं मोडता.

दुसऱ्या तक्रारीत मात्र सगळे अडखळतात. समजा तलाठ्याने आपल्याच सज्जातल्या सातबाऱ्यावर चुकीची नोंद केली, तर ती चूक. पण त्याने शेजारच्या तालुक्यातल्या गावचा फेरफार मंजूर केला तर नोंद अगदी बरोबर असली तरी ती त्याने करायची नव्हती. निकाल बरोबर असूनही हद्दीबाहेरचा असू शकतो, आणि साफ चुकलेला असूनही पूर्ण हद्दीतला असू शकतो. एवढं डोक्यात बसलं की बातम्या वेगळ्या दिसायला लागतात.

जन्माने नागरिकत्वाचंच घ्या, कारण यात आपलीच माणसं सगळ्यात जास्त गोंधळली. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी आदेश काढला की आई बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही. तात्पुरत्या व्हिसात एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबाचा) दोन्ही आले, म्हणजे एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत ज्या ज्या मराठी घरात पाळणा हलणार होता तिथे धाकधूक. २२ राज्यं कोर्टात गेली, संस्था गेल्या, गरोदर बायका गेल्या. सिॲटल, मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्स अशा तीन ठिकाणच्या जजनी आदेश थांबवला, आणि थांबवला तो अख्ख्या देशासाठी, म्हणजे ज्यांनी दावा लावलाच नव्हता त्यांच्यासाठीसुद्धा.

सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा त्यांनी काय मागितलं ते बघा. आमचा आदेश घटनेला धरून आहे की नाही हे ठरवा, असं त्यांनी म्हटलंच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की एका डिस्ट्रिक्ट जजला देशभराचा मनाई हुकूम काढता येतो का ते सांगा. २७ जून २०२५ ला ट्रम्प विरुद्ध कासा या खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल आला. न्या. एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलं की १७८९ च्या ज्युडिशिअरी ॲक्टने कोर्टांना जे अधिकार दिले ते त्या काळच्या इंग्लंडच्या चान्सरी कोर्टासारखे (मनाई हुकुमासारखा दिलासा देणारं कोर्ट) आहेत, त्यात समोर नसलेल्या सगळ्या जगाला लागू होईल असा हुकूम बहुधा बसत नाही, म्हणून जो दावा घेऊन आलाय त्याला पूर्ण दिलासा मिळेल एवढाच हुकूम काढा. नागरिकत्वाचा मूळ प्रश्न? त्याला त्या दिवशी हातच लावला नाही.

आणि आपल्या ग्रुपांवर काय फिरलं? "सुप्रीम कोर्टाने बर्थराइट सिटिझनशिप काढली." अरे, कुठे काढली! कोर्ट म्हणालं औषधाचा डोस जास्त झाला, रोग आहे की नाही यावर ते एक शब्द बोललं नाही. त्या निकालाने व्यवहारात प्रश्न उभा राहिला तो असा, की न्यू जर्सी दावा लावणाऱ्यांत होतं आणि टेक्सास नव्हतं, मग एडिसनमधलं बाळ आणि डॅलसमधलं बाळ, दोघांचे आईबाप एकाच कंपनीत एकाच व्हिसावर, यांचं नागरिकत्व वेगळं ठरणार का? बॅरेटनी तेही पूर्ण मिटवलं नाही, राज्यांना पूर्ण दिलासा द्यायला किती रुंद हुकूम लागतो ते खालच्या कोर्टांनी बघावं म्हणून सोडून दिलं, आणि आदेश ३० दिवस लागू होऊ नये एवढी सवड ठेवली.

त्या सवडीतच न्यू हॅम्पशायरचे जज जोसेफ लाप्लांट यांनी काय केलं ते मला फार आवडतं. हे जॉर्ज डब्ल्यू. बुशनी नेमलेले. फेब्रुवारीत त्यांनी हाच आदेश अडवला होता, पण फक्त दावा लावणाऱ्या संस्थांच्या सभासदांपुरता, देशभर नाही. म्हणजे आदेश टिकणार नाही असं वाटत असूनही हात आखडता घेतला. कासाचा निकाल आल्यावर, १० जुलैला, त्यांनी त्या बाळांचा क्लास, म्हणजे एकसारखी तक्रार असलेल्यांचा एकत्र दावा लावणारा गट, मंजूर केला, आईबापांना त्यातून वगळलं, आणि त्या क्लासपुरता हुकूम दिला. परिणाम जवळपास तोच, देशभरातली बाळं वाचली. मग लगेच ओरड, की ही तर पळवाट! नाही हो. क्लास ॲक्शनला नियम आहेत, सगळ्यांची तक्रार एकसारखी आहे का, पुढे आलेला माणूस बाकीच्यांची बाजू नीट मांडेल का हे तपासावं लागतं, आणि मुख्य म्हणजे हरलात तर सगळा क्लास हरतो. देशभराच्या मनाई हुकुमात तसं नव्हतं, एका कोर्टात हरलात तरी दुसऱ्या कोर्टात दुसरा कुणीतरी जिंकला की झालं. न्या. अलिटोंनी कासातच बजावलं होतं की क्लास ढिसाळपणे मंजूर केले तर तेच दुखणं मागच्या दाराने परत येईल, आणि ती भीती रास्त आहे. पण दार आहे म्हणून आत येणारा प्रत्येकजण चोर ठरत नाही.

देशभराच्या मनाई हुकुमांवर माझा स्वतःचा राग जुना आहे. २०१५ मध्ये ब्राउन्सव्हिलच्या न्या. हेनन यांनी ओबामांची स्थलांतरितांसाठीची योजना अशीच देशभर अडवली तेव्हा आज चिडलेले लोक टाळ्या वाजवत होते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्या. एलेना केगन यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की एकट्या जजने देशाचं धोरण वर्षानुवर्षं रोखून धरणं बरोबर असू शकत नाही, आणि कासात मात्र त्या विरोधी मतात गेल्या. त्यांची बाजू अशी की आदेश इतका उघड बेकायदा असताना सरकारला ही सोय द्यायचीच कशाला. मला ते भावनेच्या अंगाने पटतं. हद्दीच्या प्रश्नाला मात्र ते उत्तर नाही.

हुकूम किती रुंद काढायचा, ही हद्द ओलांडायची पहिली जागा. दुसरी जागा म्हणजे कोर्टाचं दार, मुळात आत कोण येऊ शकतं ते. आपल्याकडे हायकोर्ट पेपरातली बातमी वाचून सुमोटो दखल घेतं, कुणीही जनहित याचिका लावतं, त्यामुळे आपल्याला लोकसचं, म्हणजे दावा लावायच्या हक्काचं, महत्त्व पटकन कळत नाही. तिकडच्या फेडरल जजला खराखुरा वाद आणि खरंच झळ बसलेला माणूस समोर लागतो, नाहीतर हात बांधलेले. टेक्सासमधल्या अमारिलोच्या न्या. कॅस्मारिक यांनी २०२३ मध्ये गर्भपाताच्या मिफेप्रिस्टोन गोळीची मंजुरी स्थगित केली. दावा लावणारे डॉक्टर ती गोळी लिहून देतच नव्हते. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य सांगितलं की यांना लोकसच नाही. गोळी सुरक्षित आहे का यावर निकाल नाही, पण बऱ्याच मथळ्यांत "कोर्टाने गोळीला मान्यता दिली". पुन्हा तीच खिचडी!

तिसरा प्रकार राहतो, आणि तिथे मी जरा कडक आहे. जजने घटनेच्या नावाखाली स्वतःचं मत घुसडलं, असा आरोप असतो. १९०५ च्या लॉकनर खटल्यात न्यूयॉर्कचा बेकरी कामगारांना आठवड्याला ६० तासांच्या वर राबवू नये हा कायदा पाच विरुद्ध चारने पाडला, तिथे तो आरोप मला लागू वाटतो. पण १९५४ च्या ब्राउन निकालाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला तेव्हा दक्षिणेतल्या १०१ खासदारांनी १९५६ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यातही हाच आरोप होता, कोर्टाने अधिकाराचा गैरवापर केला म्हणून. दार बरोबर, दाद मागणारे खरे, तरी ओरड हद्दीची. म्हणून अर्थ लावण्याच्या भांडणात "हद्द ओलांडली" म्हणायचं टाळावं, सरळ "चुकलं" म्हणावं आणि का चुकलं ते दाखवावं. नेमकं तेच करायचा लोकांना कंटाळा येतो.

महाभियोगाबद्दल थोडक्यात, कारण यात गोंधळायचं फारसं कारण नाही तरी लोक गोंधळतात. मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनचे डिस्ट्रिक्ट जज बोसबर्ग यांनी हद्दपारीची माणसं एल साल्वाडोरला नेणारी विमानं थांबवायचा हुकूम दिला, ट्रम्पनी महाभियोग मागितला, आणि सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच दिवशी पत्रक काढलं की निकाल पटला नाही तर अपील असतं, महाभियोग नाही. पुढे ७ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चारने बोसबर्ग यांचा हुकूम उठवला, कारण ही माणसं टेक्सासमध्ये कोंडलेली, दाद मागायची ती तिथल्या कोर्टात आणि हेबिअसच्या (कोठडीलाच आव्हान देणाऱ्या अर्जाच्या) मार्गाने. त्याच निकालात हेही आलं, आणि यावर नऊच्या नऊ जण एकमत होते, की पाठवण्याआधी माणसाला नोटीस आणि कोर्टात जायची संधी मिळालीच पाहिजे. जज हद्दीवर हरले आणि मूळ मुद्द्यातला मोठा भाग सरकार हरलं. दोन्ही बाजूंनी त्या रात्री "आम्ही जिंकलो" लिहिलं, आणि गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.