‘जैसे थे’ म्हणजे नेमके कधीचे? जेरुसलेमच्या मंदिर-टेकडीची पार्श्वभूमी

जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या, ज्यू आणि मुस्लिम दोघांनाही पवित्र असलेल्या त्या टेकडीवर काही बिनसले की दोन्हीकडची पत्रके शेवटी एकाच मागणीवर येतात: ‘जैसे थे’ परिस्थिती राखा. आपल्याकडे कोर्टाने ‘जैसे थे’चा आदेश दिला तर त्याला एक तारीख असते. त्या दिवशी कब्जा कुणाकडे होता, कुलूप कुणाचे होते, हे कागदावर असते. या टेकडीला अशा तारखा तीन-चार आहेत आणि प्रत्येक जण आपल्या सोयीची धरून बसला आहे.

शलमोनाचे पहिले मंदिर, इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनी फौजेने केलेली त्याची राखरांगोळी, बंदिवासातून परतलेल्यांनी इ.स.पू. ५१५ च्या सुमारास पुरे केलेले दुसरे मंदिर, हा क्रम वाचकांना ठाऊक असतो. मापे मात्र लक्षात राहत नाहीत. बायबलप्रमाणे पहिले मंदिर साठ हात लांब, वीस हात रुंद आणि तीस हात उंच, म्हणजे लांबीला तीसेक मीटर. पुढे देवडी, मग मुख्य दालन आणि सर्वांत आत वीस हात लांब-रुंद-उंच असे परमपवित्रस्थान. तिथे मूर्ती नव्हती, कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी होती. दुसऱ्या मंदिरात तीही राहिली नव्हती. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पडदा सारून आत शिरला, तेव्हा गाभारा रिकामाच होता.

आज जे डोळ्यांना दिसते त्याची सुरुवात हेरोद राजापासून, इ.स.पू. २० च्या आसपास झाली. मंदिर नव्याने बांधताना त्याला टेकडीचा माथा पुरेना. मग चारी बाजूंनी प्रचंड भिंती उठवून, आत भराव आणि कमानी घालून त्याने जवळपास ३६ एकरांचा चौथरा तयार करायला घेतला. पश्चिमेकडची भिंत सुमारे ४८५ मीटर, दक्षिणेकडची २८०. दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले. प्रत्येकाच्या कडेने चपटी पट्टी कोरलेली, मधला भाग किंचित उचललेला, आणि वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर आत. त्यामुळे भिंत अंगावर आल्यासारखी वाटत नाही. पश्चिम भिंतीलगतच्या भुयारात दिसणारा एक दगड साडेतेरा मीटर लांब आहे आणि त्याच्या वजनाचे अंदाज अडीचशे टनांपासून पुढे सुरू होतात. गंमत म्हणजे दक्षिण-पश्चिम कोपऱ्याजवळ भिंतीच्या पायाखाली सापडलेल्या नाण्यांत इ.स. १७-१८ ची नाणी निघाली, आणि हेरोद तर इ.स.पू. ४ मध्येच वारला होता. निदान तेवढा भाग तरी त्याच्या पश्चात उभा राहिला हे २०११ मध्ये जाहीर झाले. तरी ‘हेरोदाची भिंत’ हे नाव काही सुटत नाही.

याच कोपऱ्याच्या पायथ्याशी १९६८ मध्ये एक कोरीव दगड सापडला. तो वरून खाली कोसळलेला होता. त्यावर हिब्रू अक्षरे होती: ‘तुतारी फुंकण्याच्या जागेकडे...’ पुढचा दगड तुटलेला. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागला आणि सुटला की या माथ्यावरून शहराला तुतारीने वर्दी मिळत असे. हा दगड ध्यानात ठेवावा, कारण तिथून हाकेच्या अंतरावर पुढे शिंग फुंकल्याबद्दल माणसे तुरुंगात जाणार होती.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले, पाडले. चौथरा आणि त्याच्या भिंती उरल्या. पश्चिमेची जी भिंत ‘मंदिराची उरलेली भिंत’ म्हणून आपल्या वर्तमानपत्रांत छापली जाते, ती मंदिराची कधीच नव्हती. ती चौथऱ्याची, भराव पेलणारी बाहेरची भिंत. मंदिर वर होते, आणि नेमके कुठे, यावर आजही वाद आहे. ज्यू धर्मात मंदिर एकच. ते पडल्यावर उरली ती प्रार्थनाघरे. कोकणातले बेने इस्रायली ज्यू तर आपल्या सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत आले. मंदिराच्या पाडावाचा दिवस, ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नवमी, त्यांच्याकडे वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ या नावाने टिकला.

मधली शतके भराभर ओलांडू. इ.स. ६९१-९२ मध्ये चौथऱ्यावर खडकावरचा घुमट उभा राहिला, दक्षिणेला अल-अक्सा मशीद. १०९९ मध्ये युरोपातून आलेल्या ख्रिस्ती क्रुसेडवाल्यांनी घुमटाचे चर्च केले, ११८७ मध्ये ते पुन्हा मुस्लिमांकडे आले. सहा वर्षांनी पश्चिम भिंतीलगतची जागा उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांसाठी वक्फ झाली आणि तिथे मगरिबी मोहल्ला वसला. मुस्लिम परंपरेत ही भिंत बुराकची: पैगंबरांनी रात्रीच्या प्रवासात आपले वाहन इथे बांधले. भिंत आणि मोहल्ला यांच्यामध्ये एक बोळ उरला, सुमारे २८ मीटर लांब आणि जेमतेम साडेतीन मीटर रुंद. ज्यू तिथे येऊन प्रार्थना करत.

खरा गुंता या बोळातला आहे. ‘जैसे थे’ हा शब्द मुळात ख्रिस्ती पंथांच्या भांडणासाठी होता. चर्चमधला कुठला कोपरा कुणी झाडायचा यावरून हाणामाऱ्या होत, म्हणून ऑटोमन सुलतानाने १८५२ मध्ये आहे ते गोठवले. ब्रिटिश आल्यावर त्यांनी हाच नियम या भिंतीलाही लावला. पण भिंतीपाशी गोठवायचे काय? १९११ मध्ये तुर्की प्रशासनाने तिथे खुर्च्या आणि पडदे लावायला मनाई केली होती, कारण आज खुर्ची आली की उद्या मालकी येते. ज्यूंचे म्हणणे, मनाई कागदावर होती, प्रत्यक्षात बाके येत-जात होती. म्हणजे आदेश धरायचा की वहिवाट?

सप्टेंबर १९२८ मध्ये, योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, आदल्या संध्याकाळी, स्त्री-पुरुषांच्या मध्ये लाकडी चौकटीवर कापड ताणलेला एक पडदा बोळात उभा झाला. ब्रिटिश अधिकाऱ्याने तो सकाळपर्यंत काढायला सांगितले. सकाळी तो तिथेच होता. पोलिसांनी प्रार्थना चालू असताना तो उखडला, बायकांनी पोलिसांवर छत्र्या उगारल्या. एका पडद्यावरून सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. ऑगस्ट १९२९ च्या दंगलींत १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. दंगलीची कारणे पडद्यापुरती नव्हती हे खरे, पण ठिणगी याच बोळातली.

मग स्वीडन, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समधले तीन गृहस्थ आयोग म्हणून आले. त्यांचा निवाडा १९३१ मध्ये कायदा झाला. भिंत आणि समोरची फरसबंदी यांची मालकी मुस्लिमांची, ज्यूंना प्रार्थनेसाठी केव्हाही यायची मुभा. बाके, खुर्च्या, गालिचे, पडदे नाहीत. शिंग फुंकायचे नाही. उलट बाजूलाही ठरावीक वेळी बोळातून जनावरे हाकायला बंदी. कायद्याच्या नावातच भिंतीला ‘पश्चिम किंवा विलाप’ अशी दोन नावे ठेवली होती, म्हणजे नावाचाही निकाल लागला नव्हता. मला हा निवाडा कायद्याच्या दृष्टीने नेटका आणि माणसांच्या दृष्टीने अशक्य वाटतो. म्हाताऱ्या माणसाने उपासाच्या दिवशी तासन्‌तास उभे राहावे, कारण स्टूल हा पुरावा ठरतो! पुढे दरवर्षी योम किप्पुर सुटताना कुणी तरी तरुण कोटात शिंग लपवून आणी, फुंकी आणि पकडला जाई.

१९४८ च्या युद्धात जुने शहर जॉर्डनकडे गेले आणि तेही संपले. शस्त्रसंधीच्या करारात पवित्र स्थळी जाण्याची मुभा लिहिलेली होती, पण जॉर्डनच्या ताब्यातल्या १९ वर्षांत ज्यूंना बोळापर्यंत जाता आले नाही.

७ जून १९६७ ला इस्रायली सैनिक टेकडीवर पोचले. घुमटावर चढवलेला झेंडा संरक्षणमंत्र्यांनी उतरवायला लावला. तीन दिवसांनी रात्री मगरिबी मोहल्ला पाडला गेला. शंभराहून अधिक घरे गेली, रहिवाशांना फारसा वेळही मिळाला नाही, आणि साडेतीन मीटरच्या बोळाचे मैदान झाले. त्यानंतर आठवड्याभरात तेच संरक्षणमंत्री जोडे काढून अल-अक्सात सतरंजीवर बसले आणि म्हणाले, आतला कारभार वक्फचाच, म्हणजे मुस्लिम धर्मादाय संस्थेचाच राहील. ज्यूंनी वर यावे, पाहावे, पण प्रार्थना खाली भिंतीपाशी करावी. ऑगस्टमध्ये, आवच्या नवमीलाच, सैन्याच्या मुख्य रब्बीने (ज्यू धर्मगुरूने) सोबत्यांसह वर जाऊन प्रार्थना केली. सरकारने पुढच्या वेळी अडवले. बहुतेक रब्बींचा वर जाण्यालाच विरोध होता, कारण परमपवित्रस्थानाची जागा नक्की माहीत नाही, चुकून पाऊल पडले तर महापाप. मंत्र्यांची सोय त्यामुळे आयती झाली.

आज ‘जैसे थे’ म्हणतात ते बहुधा हे, म्हणजे एका मोहल्ल्यावरून बुलडोझर फिरल्यानंतरचे. वक्फच्या लेखी ते १९६७ च्या आधीचे. १९९४ च्या इस्रायल-जॉर्डन करारात जॉर्डनची विशेष भूमिका मान्य झाली. २०१५ मध्ये ‘मुस्लिम प्रार्थना करतील, इतर भेट देतील’ हे इस्रायली पंतप्रधानांनी पुन्हा बोलून दाखवले. अलीकडे चौथऱ्याच्या पूर्व बाजूला ज्यूंचे गट पोलिसांदेखत पुटपुटत प्रार्थना करतात.

बिगर-मुस्लिमांना वर जायला दरवाजा एकच, मगरिबी. त्याच्याकडे चढणारा मातीचा उतार २००४ च्या हिवाळ्यात खचला. त्याजागी तात्पुरता लाकडी पूल टाकला. २०११ मध्ये आगीचा धोका म्हणून नगर अभियंत्याने तो बंद करायला लावला, जॉर्डनमधून आणि इतरत्र ओरड झाली, काही दिवसांतच तो पुन्हा उघडला. पक्का पूल बांधायचा तर ‘जैसे थे’ बदलते, त्यामुळे पर्यटक अजून त्या तात्पुरत्या लाकडी पुलावरूनच वर जातात.