पाच सॅकचं अंतर

19 सप्टेंबर 2023ची सकाळ. आपल्याकडे गणेश चतुर्थी, घरोघरी पूजेची लगबग. तिकडे अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये अजून सोमवारचीच रात्र होती आणि पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध क्लीव्हलंड ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलचा सामना शेवटच्या क्वार्टरमध्ये आला होता. स्टीलर्स 19-22 असे मागे. ब्राउन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, डेशॉन वॉटसन चेंडू हातात धरून पास कुणाला द्यावा हे शोधत होता. तेवढ्यात एका बाजूने स्टीलर्सचा अ‍ॅलेक्स हायस्मिथ येऊन त्याच्यावर आदळला, चेंडू निसटला, आणि त्याचाच सहकारी टी. जे. वॉटने तो उचलून थेट एंड झोन, म्हणजे मैदानाच्या टोकाची गुण मिळवण्याची पट्टी, गाठला. सामना स्टीलर्सने 26-22 असा खिशात घातला.

नोंदवहीत सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला लोळवणं, हायस्मिथच्या खात्यात जमा झाला आणि टचडाउन, म्हणजे एंड झोन गाठल्याचे गुण, वॉटच्या. पण पलीकडून वॉट येतोय ही धास्ती नसती, तर वॉटसन वेळेत बाजूला सरकला असता का? नोंदवहीत असल्या प्रश्नाला रकाना नाही. बचाव करणाऱ्या खेळाडूची किंमत कशी काढायची, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण याच दोन संघांत आहे.

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हे आधी सांगायला हवं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू खेळात आला की क्वार्टरबॅकच्या हाती साधारण अडीच-तीन सेकंद असतात. त्याच्यासमोर पाच धिप्पाड लाइनमन भिंतीसारखे उभे राहतात. ती भिंत फोडून किंवा तिला वळसा घालून क्वार्टरबॅकपर्यंत पोचणं हे एज रशरचं काम. चेंडू सुटण्याआधी क्वार्टरबॅकला लोळवलं, की तो सॅक. दोघांनी मिळून लोळवलं तर अर्धा-अर्धा. सॅकची अधिकृत नोंद 1982पासून ठेवली जाते आणि एज रशरचा मोठेपणा सहसा त्याच आकड्याने मोजला जातो.

अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. तिचे 32 संघ चार-चारच्या आठ डिव्हिजनमध्ये वाटलेले आहेत. त्यातल्या एएफसी नॉर्थमध्ये स्टीलर्स, ब्राउन्स, बाल्टिमोर रेव्हन्स आणि सिनसिनाटी बेंगल्स. 2017च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमध्ये, ब्राउन्सने अगदी पहिला खेळाडू म्हणून माइल्स गॅरेटला घेतलं. त्याच फेरीत 29व्या क्रमांकावर पुन्हा ब्राउन्सचीच पाळी होती, त्यांनी डेव्हिड एन्जोकूला घेतलं. पुढच्याच, म्हणजे 30व्या क्रमांकावर स्टीलर्सने वॉटला उचललं. थोडक्यात, क्लीव्हलंडला दोघेही मिळू शकले असते. तसं झालं नाही, आणि तेव्हापासून दोन शेजारी शहरांत वाद चालू आहे: मोठा कोण?

2023च्या हंगामात हा वाद पेटला. वॉटने 19 सॅक करून सगळ्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. तीन वेळा असा पहिला येणारा तो पहिलाच खेळाडू. गॅरेटचे सॅक 14. आपल्याच डिव्हिजनमध्ये तो तिसरा होता, कारण बेंगल्सच्या ट्रे हेन्ड्रिक्सनच्या नावावर 17.5 होते. तरीही वर्षातल्या सर्वोत्कृष्ट बचावपटूचा पुरस्कार गॅरेटला मिळाला. मत देणाऱ्या 50 पत्रकारांपैकी 23 जणांनी त्याला पहिली पसंती दिली आणि 19 जणांनी वॉटला. पिट्सबर्गमध्ये लोक भडकले. 19 मोठे की 14, हे पहिलीतलं पोरही सांगेल, असा त्यांचा सूर होता.

19 हा 14पेक्षा मोठा आहे यात वाद नाही. पण सॅक ही विरळ घटना आहे. एज रशर हंगामभरात शेकडो वेळा क्वार्टरबॅककडे धावतो आणि त्यातून हाती लागतात पंधरा-वीस सॅक. अशा विरळ घटना मोजताना संख्याशास्त्रात एक सोपा अंदाज वापरतात: निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमूळाएवढा असतो. 14चं वर्गमूळ 3.7, 19चं 4.4. दोघांमधल्या फरकाचा चढउतार काढायचा तर दोन्ही आकड्यांची बेरीज करून तिचं वर्गमूळ घ्यायचं. 33चं वर्गमूळ 5.7. आणि प्रत्यक्षातला फरक आहे पाचचा!

हेच जरा वेगळं करून बघू. कल्पना करा, दोन खेळाडू कौशल्यात तंतोतंत सारखे आहेत आणि दोघांचीही लांब पल्ल्याची सरासरी हंगामाला 16.5 सॅक आहे. मी आकडेमोड करून पाहिली. या सारख्याच खेळाडूंमध्येही पाच किंवा त्याहून जास्त सॅकचा फरक दहापैकी चारएक हंगामांत पडेल. सॅक काही लॉटरी नव्हे, म्हणून हा हिशेब ढोबळच धरायचा. पण एका हंगामातल्या 19 आणि 14वरून निकाल लावणं म्हणजे नाणं काही वेळा उडवून ते खोटं ठरवण्यासारखं आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. गॅरेट 16 सामने खेळला, वॉट 17, हे आणखी वेगळं.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, आणि त्यासाठी डिव्हिजनसारखी सोय दुसरी नाही. प्रयोगशाळेत दोन औषधांची तुलना करताना बाकीची परिस्थिती शक्य तेवढी सारखी ठेवतात. एनएफएलचं वेळापत्रक जवळजवळ तेच करून देतं. हंगामाचे सामने 17. ब्राउन्स आणि स्टीलर्स हे दोघेही रेव्हन्सशी दोनदा आणि बेंगल्सशी दोनदा खेळतात. शिवाय दरवर्षी आख्ख्या डिव्हिजनच्या वाट्याला दुसऱ्या दोन डिव्हिजन येतात, त्यांचे आठ सामनेही दोघांना सारखेच. म्हणजे 17पैकी 12 सामन्यांत दोघांचे प्रतिस्पर्धी तेच. दोन सामने एकमेकांविरुद्ध, आणि वेगळे असतात ते फक्त तीन. वेगवेगळ्या डिव्हिजनमधल्या दोन खेळाडूंना इतकी सारखी परीक्षा क्वचितच मिळते.

पण पेपर सारखा असला तरी परीक्षेचा दिवस सारखा नसतो. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो 2023च्या नोव्हेंबरमध्ये मनगटाच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. स्टीलर्सचे बेंगल्सशी दोन्ही सामने त्यानंतर झाले, म्हणजे वॉटसमोर दोन्ही वेळा बदली खेळाडू जेक ब्राउनिंग होता. ब्राउन्सचा पहिला सामना हंगामाच्या पहिल्याच रविवारी झाला, तेव्हा बरो मैदानावर होता. दुसरा सामना जानेवारीत, आणि त्यात ब्राउन्सने गॅरेटला विश्रांतीच दिली. वेळापत्रकावर दोघांच्या नावापुढे ‘बेंगल्स, दोन सामने’ असंच छापलेलं होतं.

क्वार्टरबॅक कोण आहे याला इतकं महत्त्व का, तर सॅक निम्माशिम्मा त्याच्याही हातात असतो. काही क्वार्टरबॅक भिंत जरा हलली की चेंडू सोडून मोकळे होतात. काही शेवटच्या क्षणापर्यंत मोठ्या पासची वाट बघतात आणि मार खातात. संघ बदलला, समोरचे लाइनमन बदलले, तरी ही सवय बरीचशी क्वार्टरबॅकसोबत जाते. म्हणून विश्लेषक सॅकच्या आधीची पायरी मोजतात, ती म्हणजे दबाव. सॅक झाला नाही तरी क्वार्टरबॅकला पळावं लागलं का? घाईत चेंडू फेकावा लागला का? दबावाच्या घटना सॅकच्या कितीतरी पट असतात, त्यामुळे वर्गमूळाचा तो गोंधळ त्यात बराच कमी होतो.

पण अमुक क्षणी दबाव होता की नव्हता, हे शेवटी माणूस व्हिडिओ बघून ठरवतो. दोन माणसं बसली की दोन मतं. यातून वाट काढली चिपने.

एनएफएलच्या प्रत्येक खेळाडूच्या शोल्डर पॅडमध्ये रेडिओ लहरी सोडणाऱ्या छोट्या चिप असतात आणि चेंडूतही एक असते. स्टेडियममध्ये चहूबाजूंनी बसवलेली ग्राहक यंत्रं त्या लहरी टिपतात. मैदानावरचा प्रत्येक जण कुठे आहे, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालला आहे, याची नोंद सेकंदाला दहा वेळा होते. अडीच सेकंदांच्या एका धावेत एकेका खेळाडूच्या पंचवीस जागा. यातली काही माहिती लीग दरवर्षी ‘बिग डेटा बोल’ नावाच्या स्पर्धेसाठी सगळ्यांना खुली करते. 2023च्या स्पर्धेचा विषय नेमका ही भिंत आणि ती फोडणारे खेळाडू हा होता.

त्या माहितीवर काम करताना क्वांग न्विन, रोनाल्ड युर्को आणि ग्रेगरी मॅथ्यूज या संख्याशास्त्रज्ञांनी एक सुंदर कल्पना उचलली, आणि ती आली पदार्थविज्ञानातून. धातूची तार ताणली की मूळ लांबीच्या मानाने तिची लांबी किती बदलली, त्याला विकृती म्हणतात. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात हा शब्द आपण शिकलेलो असतो. ही विकृती किती झपाट्याने होते, तो विकृतीचा दर. या तिघांनी बचावपटू आणि क्वार्टरबॅक यांच्यामध्ये अशी एक काल्पनिक तार धरली. बचावपटू जवळ येतो तशी ती आखडत जाते. जवळ येण्याच्या वेगाला उरलेल्या अंतराने भागलं, की झाला त्यांचा मापदंड. इतकंच.

आकडे घालून पाहू. क्वार्टरबॅक सहा मीटरवर आहे आणि तुम्ही सेकंदाला तीन मीटर वेगाने त्याच्याकडे सरकताय. तीन भागिले सहा, म्हणजे 0.5. तोच वेग राखून अंतर तीन मीटरवर आलं, की आकडा 1. दीड मीटरवर 2. आता हे आकडे उलटे करा: दोन सेकंद, एक सेकंद, अर्धा सेकंद. याच वेगाने गेलात तर पोचायला उरलेला वेळ! संगणक जे सांगतो आहे, तेच क्वार्टरबॅकला त्या क्षणी पोटात जाणवत असणार. मला हा मापदंड फार आवडतो. त्यात वेग आहे, जवळीक आहे, आणि सॅक झाला का नाही याची त्याला गरजच नाही. गॅरेट पोचण्याच्या निमिषभर आधी चेंडू सुटला, तर नोंदवहीत शून्य. या मापात त्याची ती आख्खी धाव जमा होते.

पुढची पायरी त्याहून महत्त्वाची. हा आकडा प्रत्येक धावेसाठी मिळाला, की त्यातला किती वाटा धावणाऱ्याचा, किती अडवणाऱ्याचा आणि किती दोन्ही संघांचा, हे वेगळं काढता येतं. संशोधकांनी त्यासाठी अनेक पातळ्यांचं एक संख्याशास्त्रीय प्रारूप वापरलं. कच्च्या लाइनमनसमोर मिळवलेला आकडा आणि पक्क्या लाइनमनसमोर मिळवलेला आकडा एकाच तागडीत टाकायचा नाही, असा त्याचा अर्थ. वॉट बहुतेक वेळा बचावाच्या डाव्या बाजूने येतो. गॅरेटला मात्र 2023मध्ये प्रशिक्षक जिम श्वार्ट्झ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होते. प्रतिस्पर्ध्यांचे दोन-दोन लाइनमन त्याच्याकडे वळत. दुसरा लाइनमन इकडे अडकला की पलीकडचा सहकारी मोकळा सुटतो, सॅक तो घेऊन जातो, आणि गॅरेटच्या नावापुढे काहीच लागत नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला हे नवीन वाटू नये. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी जानेवारी 1964मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध 32 षटकं टाकली. 27 निर्धाव, धावा 5, बळी 0. त्यातली 21 षटकं सलग निर्धाव. फक्त बळी मोजणाऱ्याला तिथे शून्य दिसेल.

कॉर्नरबॅक आणि सेफ्टी, म्हणजे मागे राहून पास रोखणारे बचावपटू, यांचं तर आणखी अवघड. क्लीव्हलंडचा डेन्झेल वॉर्ड आपल्या माणसाला इतका चिकटून राहिला की क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघायचंच टाळतो, तर वॉर्डच्या खात्यावर काहीच लागत नाही. पण त्या टाळण्यात जो अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात गॅरेट पोचतो. बाल्टिमोरचं उदाहरण याहून ठसठशीत आहे. 2023मध्ये रेव्हन्सने सगळ्यात कमी गुण दिले, सगळ्यात जास्त सॅक केले आणि सगळ्यात जास्त वेळा चेंडू हिसकावला. एकाच हंगामात हे तिन्ही साधणारा लीगच्या इतिहासातला तो पहिला संघ. तरी त्यांच्या एकाही खेळाडूचे 14 सॅक नव्हते. सर्वाधिक 13 होते जस्टिन मादुबिकेचे. काइल हॅमिल्टन हा तर सेफ्टी, मागे राहून पास रोखायचा तो. त्याने इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध एकाच सामन्यात तीन सॅक केले. हॅमिल्टनला वॉटच्या शेजारी कुठे उभं करायचं? सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं झालं, तर प्रत्येक खेळीमुळे प्रतिस्पर्ध्याचे अपेक्षित गुण किती घटले, हे काढावं लागतं. तिथे पुन्हा त्या घटीतला कुणाचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच.

माझं मत विचाराल तर 2023पुरते मी दोघांना सारखं धरीन. चेंडू खेळात आल्यावर एकट्याने भिंत फोडायला मी गॅरेटला निवडीन. निसटलेला चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखणारा हवा असेल, तर वॉटला. असं ओळखणं मोजणारा मापदंड मला अजून कुठे दिसलेला नाही.

आणि गॅरेटची एक खेळी यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. 22 ऑक्टोबर 2023, इंडियानापोलिस, कोल्ट्सविरुद्ध ब्राउन्स. त्या दिवशी त्याने दोन सॅक केले, दोन वेळा चेंडू हातातून सोडवला. त्याच सामन्यात कोल्ट्सने 60 यार्डांवरून फील्ड गोलचा, म्हणजे किक मारून तीन गुण मिळवण्याचा, प्रयत्न केला. चेंडू खेळात येताक्षणी गॅरेटने लाइनमनच्या डोक्यावरून उडी मारली, कुणाला धक्का न लावता पलीकडे उतरला आणि किक हाताने अडवली. इतक्या लांबून किक यशस्वी होण्याची शक्यता तशी बेताचीच. अर्धी धरली, तर तीन गुणांच्या निम्मे, म्हणजे त्या उडीची किंमत दीड गुण होते. ब्राउन्स तो सामना 39-38 असा जिंकले.